बॉल कुणाचा? आऊट ऑफ बाउंड्स आणि थ्रो-इनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शालेय बास्केटबॉल स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की सोलापूर शहरातून आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. काही खेळाडूंचे, बरेचसे क्रीडाशिक्षकांचे आणि अलीकडे पालकांचेही. त्यातले लाईन आणि थ्रो-इनचे (लाईनबाहेरून बॉल आत टाकण्याचे) प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) १ ऑक्टोबर २०२४पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे आहेत. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लाईनवर पाय पडला तर खेळाडू आत की बाहेर?

बाहेर. कोर्ट २८ बाय १५ मीटर, आणि हे माप पट्ट्याच्या आतल्या कडेपासून घेतात. म्हणजे ५ सेंटिमीटर रुंदीचा तो पांढरा पट्टा कोर्टात मोडतच नाही. बुटाचं टोक नुसतं टेकलं तरी खेळाडू बाहेर. व्हॉलीबॉलमध्ये लाईनवर पडलेला बॉल आत धरतात आणि आपल्या शाळांत बरीच मुलं दोन्ही खेळ खेळतात, त्यामुळे हा घोळ कायमचा आहे.

ज्या मैदानावर फक्कीने लाईन मारतात तिथे दुसऱ्या मॅचपर्यंत ती पुसट होते. पंचांनी टॉसच्या आधीच आयोजकांकडून फक्की पुन्हा मारून घ्यावी. मॅच रंगात आल्यावर "लाईन कुठंय ते आधी दाखवा" असं कुणी म्हणालं की पंचाकडे उत्तर नसतं.

२. बॉल हवेत लाईनच्या पलीकडे गेला होता, तरी रेफ्रीने शिट्टी मारली नाही. का?

कारण बॉल अजून कशालाच लागला नव्हता. हवेतला बॉल कितीही बाहेर गेला तरी खेळ चालूच असतो. खेळाडूचंही तसंच. तो हवेत असताना कुठे आहे ते धरत नाहीत, त्याचा पाय शेवटी जमिनीला कुठे लागला होता ते धरतात.

मुलींच्या मॅचमध्ये अगदी नेहमी दिसणारं उदाहरण घ्या. पास लांब गेला. मुलगी साईड लाईनच्या आतून उडाली, पूर्ण अंग लाईनच्या बाहेर, आणि तिथूनच तिने हाताने बॉल मागे फेकला. मग ती बाहेरच्या बाकावर जाऊन आपटली. बॉल चालू. पण उडताना तिची टाच लाईनला घासली असेल, तर तिचा हात बॉलला लागला त्या क्षणी बॉल आऊट. दोन्हींत फरक फक्त टाचेचा. प्रेक्षक बॉल बघतात, पंचाने पाय बघायचे असतात. लाईनवरच्या निम्म्याहून जास्त भांडणांचं मूळ इथेच आहे.

३. बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊन पहिला बॉल घेऊ शकतो का?

हो. झोकात बाहेर गेला, परत आत आला, पाय आत टेकला आणि बाहेर कशालाच अंग लागलेलं नाही, तर तो आतलाच खेळाडू. बॉलला आधी दुसऱ्या कुणीतरी हात लावायला हवा, अशी अट नाही.

४. नेमकं कशाला लागलं की बॉल आऊट होतो?

बाहेर असलेला खेळाडू किंवा कुणीही माणूस, लाईनवरची किंवा बाहेरची जमीन, तिथे ठेवलेली वस्तू (बॅग, पाण्याचा जार, बाक), बॅकबोर्डचा खांब, बॅकबोर्डची मागची बाजू आणि कोर्टाच्या वर असलेली कोणतीही वस्तू.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा. आपली बरीचशी कोर्टं उघड्यावर आहेत आणि कडेचं कडुनिंबाचं झाड हळूहळू आत झुकतं. उंच पास फांदीला लागला की आऊट, मग तो परत कोर्टात पडला तरी. बॉल मिळतो तो शेवटी हात लावणाऱ्याच्या विरुद्ध टीमला. "पण फांदी मध्ये आली" हे कारण चालत नाही. सगळ्यात बरं म्हणजे स्पर्धेच्या आधी फांदी छाटून घ्यावी.

बॅकबोर्डच्या कडा मात्र आऊट नाहीत. वरच्या, खालच्या किंवा बाजूच्या कडेला बॉल लागून आत आला तर खेळ चालू. बॉल बॅकबोर्डच्या वरून पलीकडे गेला आणि कशालाच लागला नाही, तरी फिबात तो आऊट होत नाही. एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) बॅकबोर्डच्या थेट मागून जाणारा बॉल आऊट धरतात. टीव्हीवर पाहून येणारी मुलं तिथेच अडतात.

५. त्याने माझ्या हातावरून बॉल उडवला, तरी बॉल त्यालाच दिला. हा अन्याय नाही का?

शेवटचा स्पर्श तुमचा होता, म्हणून. बॉल कुणी ढकलला किंवा जोर कुणाचा होता, हे नियम बघत नाही. बाहेर जाण्याआधी तो शेवटी कुणाला लागला, एवढंच बघतो. बचाव करणाऱ्याने खालून थाप मारली, बॉल तुमच्या बोटांच्या टोकांना घासून बाहेर गेला, तर बॉल त्याचा.

गल्लीतल्या खेळात "ज्यानं मारला त्याच्यावर" असा एक समजूतदारपणा चालतो आणि मला तो आवडतोही. पण शिट्टी गळ्यात असताना तो चालत नाही. बोटांवरचा घासरा दिसला नाही तर पंच थापेवरून निर्णय देणारच. मात्र घासरा दिसला असेल तर त्याने तो डोळ्याआड करायचा नाही.

६. दोघांचा हात एकदम लागला, किंवा पंचांना दिसलंच नाही. मग?

मग जंप बॉलची स्थिती, म्हणजे बॉल कुणाचा ते ठरत नाही. प्रत्यक्षात जंप होत नाही, टेबलवरचा पाळी दाखवणारा बाण ज्या टीमकडे असेल तिला थ्रो-इन मिळतो. दोन पंचांचे निर्णय वेगळे आले आणि एकमत झालं नाही, तरी हेच. बॉल दोघांनी घट्ट धरलाय, ओढाओढीत एकाचा पाय लाईनबाहेर गेला, तर त्याला आऊट देत नाहीत. तेही जंप बॉलच. थ्रो-इनमधून बॉल कोर्टातल्या खेळाडूला लागला की टेबलवर बाण फिरवतात. थ्रो-इन करणाऱ्याने त्याच वेळी नियम मोडला, तर बॉलही गेला आणि बाणही.

७. बॉल रेफ्रीला लागला तर?

रेफ्री जिथे उभा आहे तिथल्या जमिनीला लागला असं धरायचं. आत उभा असेल तर खेळ चालू, बाहेर असेल तर आऊट.

८. बाहेर पडता पडता बॉल मुद्दाम समोरच्याच्या पायावर मारला तर चालतं?

चालतं. शेवटचा स्पर्श त्याचा ठरतो. पण तोंडावर किंवा जोरात छातीवर फेकलात तर पंच फाऊलचा विचार करणार, आणि तो बरोबरच असेल.

९. थ्रो-इन कुठून करायचा?

बॉल जिथून बाहेर गेला किंवा खेळ जिथे थांबला, त्याच्या सगळ्यात जवळच्या जागेवरून. फक्त बॅकबोर्डच्या बरोब्बर मागून नाही. तिथे पंच खेळाडूला थोडं बाजूला घेतो. जागा पंच दाखवतो. बॉल तो हातात देतो, ठेवतो किंवा ४ मीटरच्या आतून फेकतो. अपवाद असे:

दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्वार्टरची आणि ओव्हरटाइमची सुरुवात स्कोअर टेबलच्या समोरच्या बाजूने, मधल्या लाईनच्या वाढीव रेषेवरून होते. एक पाय अलीकडे, एक पलीकडे. तिथून पास कोर्टात कुठेही देता येतो. अनस्पोर्ट्समनलाइक (खेळाडूवृत्तीला सोडून केलेल्या) किंवा डिस्क्वालिफाइंग (मॅचबाहेर काढणाऱ्या) फाऊलनंतर पुढच्या कोर्टातल्या थ्रो-इन लाईनवरून (प्रश्न १८). टेक्निकल फाऊलनंतर (धक्काबुक्की नसलेल्या गैरवर्तनाचा फाऊल) एक फ्री थ्रो, मग तेव्हा बॉल जिथे होता त्याच्या जवळून. बॉल रिंगमधून गेला पण गुण धरला नाही, तर फ्री थ्रो लाईनच्या वाढीव रेषेवरून.

१०. बास्केट झाल्यावर एंड लाईनवर पळता येतं, मग इतर वेळी व्हायोलेशन (नियमभंग) का देतात?

बास्केट किंवा शेवटचा फ्री थ्रो झाल्यावर एंड लाईनच्या मागे कुठूनही बॉल आत टाकता येतो. तेव्हा पळता येतं, आणि लाईनच्या मागेच उभ्या असलेल्या सहकाऱ्याला पासही देता येतो. इतर सगळ्या थ्रो-इनला जागा ठरलेली असते. तिथे बॉल सोडण्याआधी आडवं सरकायला एकूण १ मीटर मुभा आहे, दोन्ही बाजूंचं मिळून. सरळ मागे कितीही जा. डिफेंडर अंगावर असेल तर दोन पावलं मागे येणं हा सगळ्यात सोपा उपाय, आणि आमच्या मुलांना तोच सुचत नाही.

११. थ्रो-इन करताना माझा पाय लाईनवर पडला. व्हायोलेशन का नाही दिली?

कारण ती व्हायोलेशन नाहीच. पट्टा बाहेरचा (प्रश्न १), आणि थ्रो-इन करणारा बाहेरच असायला हवा. मग पट्ट्यावर उभा राहिला तर बिघडलं कुठे? बॉल हातात असताना पाय कोर्टात, म्हणजे पट्ट्याच्या आतल्या कडेच्या आत टेकला, तरच शिट्टी. हा प्रश्न इतका येतो की काही ठिकाणी क्रीडाशिक्षक मुलांना लाईनपासून वीतभर मागे उभं राहायला शिकवतात. सवय वाईट नाही, पण तो नियम नाही.

१२. ५ सेकंद कधीपासून मोजायचे?

बॉल खेळाडूच्या ताब्यात आल्यापासून, म्हणजे पंचाने हातात दिल्यावर किंवा त्याच्यापुढे ठेवल्यावर. बॉल सोडायला ५ सेकंद, सहकाऱ्याच्या हातात पोचायला नाही. बास्केटनंतर बाहेरच्या पहिल्या खेळाडूला बॉल मिळाल्यापासून मोजणी सुरू होते. बाहेरच दुसऱ्याला पास दिला तरी ती नव्याने सुरू होत नाही. पंच हात झुलवत मोजतो, तो हात टीमला दिसला पाहिजे.

हे ५ सेकंद खेळाइतकेच जुने आहेत. जेम्स नैस्मिथने १८९१च्या डिसेंबरमध्ये जे १३ नियम लिहिले, त्यातल्या नवव्या नियमात ते आहेत. तेव्हा मात्र बाहेर गेलेला बॉल आत टाकल्यावर त्याला पहिला हात लावेल तो खेळणार, अशी पद्धत होती. वाद झाला तर अंपायरने बॉल सरळ आत टाकायचा. आजची "शेवटी कुणाला लागला" ही भानगड नंतरची.

एकदा बॉल ताब्यात आला की टाइमआउट मागता येत नाही. चौथ्या सेकंदाला कोच टेबलकडे धावतात, ते व्यर्थ.

१३. थ्रो-इन करणाऱ्यापासून डिफेंडरने किती लांब राहायचं?

लाईनच्या बाहेर २ मीटर मोकळी जागा असेल तर अंतराची अट नाही. फक्त बॉल सुटण्याआधी हात, पाय किंवा डोकं लाईनच्या पलीकडे काढायचं नाही. मोकळी जागा २ मीटरपेक्षा कमी असेल तर डिफेंडरने थ्रो-इन करणाऱ्यापासून १ मीटर दूर राहायचं.

सोलापुरात हा दुसरा भाग जास्त लागतो. शाळेच्या आवारात एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला सायकलींची रांग, थ्रो-इन करणाऱ्याची पाठ भिंतीला टेकलेली. तिथे पंचाने बॉल देण्याआधीच डिफेंडरला एक पाऊल मागे घ्यावं. देऊन झाल्यावर ओरडत बसू नये.

डिफेंडरने ही मर्यादा पहिल्यांदा मोडली तर ताकीद, आणि ती त्या टीमला उरलेल्या मॅचभर लागू. पुन्हा झालं तर टेक्निकल फाऊल. शेवटच्या दोन मिनिटांत काय होतं ते प्रश्न १८मध्ये आहे.

१४. थ्रो-इन करणाऱ्याचे हात बॉलसकट आत आले. डिफेंडरने बॉल काढून घेतला तर?

फेकण्याच्या ओघात हात थोडे आत येतात, हे नियमाने गृहीत धरलं आहे. बॉल अजून हातात असताना त्याला न शिवण्याची जबाबदारी डिफेंडरची. काढून घेतला तर खेळात अडथळा आणला म्हणून ताकीद आणि थ्रो-इन पुन्हा. "लाईनच्या आत आला म्हणजे माझा" हा समज चुकीचा आहे. मी तो अनुभवी कोचच्या तोंडूनही ऐकला आहे.

१५. थ्रो-इनचा पास कुणालाच न लागता थेट पलीकडे आऊट गेला. आता बॉल कुठून?

समोरच्या टीमला, पण जिथून थ्रो-इन झाला त्याच मूळ जागेवरून. बॉल पलीकडे गेला म्हणून जागा पलीकडे सरकत नाही. टेबलवरचे लोकही इथे चकतात. आतल्या कुणाला लागून गेला असेल तर मात्र नेहमीचा आऊट (प्रश्न ५) आणि जिथून गेला तिथून थ्रो-इन.

यातच एक फसवी जागा आहे. डिफेंडरचा पाय लाईनवर आहे आणि थ्रो-इनचा बॉल त्याला लागला. बॉल आऊट झाला तो डिफेंडरमुळे. म्हणून बॉल पुन्हा थ्रो-इन करणाऱ्या टीमलाच.

थ्रो-इनचा बॉल थेट रिंगमध्ये गेला तर गुण नाही, व्हायोलेशन. रिंग आणि बॅकबोर्डमध्ये अडकला तर जंप बॉल.

१६. थ्रो-इन करताना बॉल डिफेंडरच्या पाठीवर मारला आणि स्वतःच घेतला. चालतं का?

चालतं, फक्त क्रम सांभाळा. बॉल आधी दुसऱ्या खेळाडूला लागला पाहिजे, आणि तो घेताना तुमचे पाय कोर्टात आलेले असले पाहिजेत. एक पाय बाहेर असताना हात लावला तर बॉल आऊट, आणि तोही तुमच्यामुळे. पाठ करून उभ्या राहणाऱ्या डिफेंडरला एकदा असा धडा मिळाला की तो पुन्हा पाठ करत नाही.

१७. आऊट झाल्यावर घड्याळ, शॉट क्लॉक (शॉट मारायला उरलेला वेळ दाखवणारं घड्याळ) आणि ८ सेकंदांचं काय होतं?

शिट्टीबरोबर मॅचचं घड्याळ थांबतं. थ्रो-इनचा बॉल कोर्टातल्या खेळाडूला लागला की सुरू होतं, पंचाचा वर असलेला हात तेव्हाच खाली येतो. टाइमकीपरने पंचाच्या हाताकडे बघावं.

बॉल बचावाकडून आऊट गेला आणि आधीच्याच टीमला मिळाला, तर शॉट क्लॉक नव्याने भरत नाही. ६ सेकंद उरले होते तर ६च. मागच्या कोर्टातल्या ८ सेकंदांचंही तसंच: ५ गेले असतील तर उरलेल्या ३ मध्येच मधली लाईन ओलांडायची. तालुक्याला बऱ्याचदा शॉट क्लॉकचं यंत्र नसतं, तेव्हा ही गणती कुणी ठेवायची ते मॅचआधी ठरवून घ्या.

बॉल आऊट झाल्यावर बदली खेळाडू दोन्ही टीम आणू शकतात, फक्त थ्रो-इनचा बॉल हातात जायच्या आत.

१८. शेवटच्या दोन मिनिटांत नियम बदलतात म्हणतात. नक्की काय बदलतं?

चौथ्या क्वार्टरच्या आणि प्रत्येक ओव्हरटाइमच्या शेवटच्या २ मिनिटांत तीन गोष्टी.

लाईन ओलांडण्याबद्दलची ताकीद पंच प्रत्येक थ्रो-इनच्या आधी इशाऱ्याने देतो. त्यानंतर डिफेंडरने हात पलीकडे काढला की थेट टेक्निकल.

दुसरी, थ्रो-इन फाऊल. बॉल अजून पंचाच्या किंवा थ्रो-इन करणाऱ्याच्या हातात असताना बचावाने कोर्टातल्या आक्रमक खेळाडूला फाऊल केला, तर १ फ्री थ्रो आणि बॉलही त्यांचाच. फाऊलच्या जवळच्या जागेवरून थ्रो-इन. हा प्रकार २०२२च्या नियमांत आला. मागे पडलेल्या टीमचे कोच "धर, धर" म्हणून ओरडतात आणि मुलगा बॉल आत यायच्या आधीच समोरच्याला मिठी मारतो. घाईची ती शिक्षा आहे. बॉल सुटल्यावर केलेला तोच फाऊल साधा पर्सनल ठरू शकतो.

तिसरी, टाइमआउट. मागच्या कोर्टातून थ्रो-इन मिळालेल्या टीमने टाइमआउट घेतला, तर थ्रो-इन तिथूनच करायचा की पुढच्या थ्रो-इन लाईनवरून, हे त्यांचा कोच ठरवतो. ही लाईन स्कोअर टेबलच्या समोरच्या बाजूला, एंड लाईनपासून ८.३२५ मीटरवर असते. आपल्याकडे ती अनेक कोर्टांवर आखलेलीच नसते. पुढे नेली तर बॉल आऊट झालेला असताना शॉट क्लॉकवर १४ किंवा जास्त असल्यास १४ करतात, १३ किंवा कमी असल्यास तेवढेच ठेवतात.

१९. लांबच्या पंचाने निर्णय दिला. जवळच्याने का नाही दिला?

दोन पंच असतात तेव्हा लाईन वाटून घेतलेल्या असतात. लीड पंच (एंड लाईनजवळ उभा राहणारा) एंड लाईन आणि डाव्या हाताची साईड लाईन बघतो, ट्रेल पंच (खेळाच्या मागून येणारा) त्याच्या डाव्या हाताची साईड लाईन आणि मधली लाईन. त्यामुळे तुमच्या शेजारी उभा असलेला पंच त्या लाईनचा नसू शकतो.

निर्णय देताना आधी उघडा तळवा वर, मग दिशा. बोलण्यापेक्षा दिशा महत्त्वाची. शहराच्या पूर्व भागात प्रेक्षक तेलुगूत ओरडत असतात, अक्कलकोटला कन्नडमध्ये, बाकी सगळीकडे मराठीत. हात स्पष्ट दिसला तर भाषा आड येत नाही. पालकांचा आरडाओरडा समजण्यासारखा आहे, कधी कधी दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचं गणित त्या मॅचवर असतं. पण निर्णय विचारायचा हक्क कॅप्टनचा, तोही शांतपणे आणि घड्याळ थांबलेलं असताना.

२०. टेबलने बाण चुकीचा दाखवला आणि थ्रो-इन भलत्याच टीमला गेला. दुरुस्त करता येतं का?

बॉल कोर्टातल्या खेळाडूला लागायच्या आत लक्षात आलं तर येतं. लागल्यावर नाही, खेळ पुढे चालू. पण ज्या टीमची पाळी हुकली तिची ती पाळी जात नाही: पुढच्या जंप बॉलच्या वेळी बाण त्यांच्याकडेच राहतो. स्कोअररने बाण लगेच त्यांच्या दिशेला करून ठेवावा आणि दोन्ही कॅप्टनना तिथेच सांगावं.